कुत्रीच्या गर्भाशयांतील पू व रक्तांत दिसणारीं दाहाचीं चिन्हें

शेतकऱ्यांच्या मासिकांत कुत्रीच्या रोगाविषयीं लेख कशासाठीं, अशी शंका कांहीं वाचकांस येणें साहजिक आहे. गाय, म्हैस, शेळी ह्यांच्या रोगांवर लिहिलेलें सर्वजण वाचतात, कारण त्यांच्या दुधाचा व वेतांचा हिशेब प्रत्येकाच्या घरीं होत असतो. राखणीच्या कुत्र्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. परंतु ज्याच्या मळ्यांत भुईमूग किंवा ऊस आहे, आणि रानडुकरांचा कळप एका रात्रींत काय करून जातो हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला चांगल्या कुत्रीची किंमत सांगावयास नको. आमच्या मळ्यावर वाघी नांवाची कुत्री सात वर्षें राखणीस होती. ती ज्या रोगानें गेली तो रोग वेळीं ओळखला असतां बहुधा बरा होतो. तो ओळखण्याचें साधन कागदाच्या रूपानें आमच्या हातांत आलेलेंही होतें. पण तो कागद आम्हांस वाचतां आला नाहीं.

हकीगत थोडक्यांत अशी. वाघी कधीं व्याली नव्हती. शेवटच्या माजानंतर सुमारें सहा आठवड्यांनीं तिचें खाणें कमी झालें व पोट किंचित् भरल्यासारखें दिसूं लागलें. घरांतील सर्वांनीं ती या खेपेस गाभण राहिली असें ठरवून टाकलें व तिच्यासाठीं गोठ्याच्या कोपऱ्यांत गोणपाटही घातलें. पाणी मात्र ती वारंवार पिऊं लागली होती; दिवस उन्हाळ्याचे, म्हणून तिकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. सहाव्या दिवशीं ती उठेना, तेव्हां तिचें रक्त काढवून तालुक्याच्या गांवीं तपासावयास दिलें. सायंकाळीं कागद आला. पांढऱ्या पेशींची संख्या एका घन मिलिमीटर रक्तांत नऊ हजार व कांहीं शेंकडे अशी लिहिलेली होती, आणि शेजारीं छापलेली निरोगी कुत्र्याची मर्यादा सहा हजार ते सतरा हजार अशी होती. तालुका कचेरींत जन्मभर रकाने ताडून पाहिलेल्या माणसाला आंकडा मर्यादेच्या आंत दिसला कीं समाधान वाटतें. तसें तें मला वाटलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाघीचे कान व पाय थंड लागले, आणि दुपारपर्यंत ती गेली. पोट उघडून पाहिलें तेव्हां गर्भाशयाचीं दोन्ही शिंगें मनगटाएवढीं फुगून त्यांत तांबूस, घाण वासाचा पू भरलेला होता, व एके ठिकाणीं तो पोटांत झिरपलाही होता. रक्त पसरलेली कांचपट्टी तपासणाराकडे शिल्लक होती; ती पुढें एका जाणत्या पशुवैद्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली व तिच्यांत काय लिहिलें होतें तें मला समजावून दिलें. त्या दिवसापासून ह्या विषयाचें जें मिळेल तें मी वाचीत आलों, व त्याचा सारांश पुढें देत आहें.

रोगाचें मूळ

गाय गाभण राहिली नाहीं तर सुमारें एकवीस दिवसांनीं पुन्हां माजावर येते, हें सर्वांस ठाऊक आहे. माजानंतर अंडाशयावर जो पीतपिंड तयार होतो त्यांतून प्रोजेस्टेरॉन नांवाचा, गर्भ राखणारा रस रक्तांत मिसळत असतो. गाईच्या पोटांत गर्भ नसेल तर पीतपिंड सोळा-सतरा दिवसांनीं विरूं लागतो व पुढच्या माजाची तयारी होते. कुत्रीची रचना निराळी आहे. ती बहुधा वर्षांतून दोनदां माजावर येते, आणि प्रत्येक वेळीं, गर्भ राहो वा न राहो, तिचा पीतपिंड सुमारें दोन महिने आपलें काम करीतच राहतो. पोटांत कांहीं नसतांही तिचें शरीर दोन महिने गर्भिणीसारखें वागतें.

ह्या रसाच्या अंमलाखालीं गर्भाशयाचें अस्तर जाड होतें, त्यांतील ग्रंथि स्राव करूं लागतात, मुख मिटतें, स्नायू स्वस्थ राहतात आणि तेथील प्रतिकारशक्ति मंद होते. गर्भाच्या दृष्टीनें ही सर्व व्यवस्था उत्तम आहे. परंतु माजाच्या दिवसांत मुख उघडें असतांना जे जंतु योनिमार्गांतून वर चढले असतील, त्यांनाही तीच व्यवस्था मानवते. बहुतेक माद्यांच्या पुवांत जो जंतु सांपडतो तो एशेरिशिया कोलाय हा होय, व तो त्या कुत्रीच्याच आंतड्यांत नेहमीं वास करणारा असतो. म्हणून हा रोग सांथीचा नव्हे. एकीपासून दुसरीला लागेल ह्या भीतीनें आजारी कुत्रीस रानांत सोडून देण्याचें कारण नाहीं. प्रत्येक माजाबरोबर अस्तरांतील बिघाड थोडाथोडा सांचत जातो, म्हणून मध्यम व उतार वयाच्या, आणि त्यांतही कधीं न व्यालेल्या माद्यांस हा रोग अधिक होतो. तरुण मादीस तो होतच नाहीं असें मात्र नाहीं. नको असलेला गर्भ पडावा म्हणून, अथवा माज लांबावा म्हणून, जीं संप्रेरकांचीं इंजेक्शनें कधींकधीं टोंचून घेतलीं जातात त्यांनीं ह्या रोगाला आमंत्रणच मिळतें.

रोग किती घडतो ह्याचा सर्वांत चांगला अंदाज स्वीडन देशांतून मिळाला आहे. तेथें निरोगी मादीचें गर्भाशय सरसकट काढून टाकण्याची चाल नाहीं, व पुष्कळ कुत्र्यांचा विमा उतरलेला असतो. त्यामुळें विम्याच्या दप्तरांवरून गणना करतां आली. दहा वर्षें वयापर्यंत सुमारें पांच माद्यांपैकीं एकीस हा रोग गांठतो, असें त्या गणनेंत निघालें. उप्साला येथील कृषि-विद्यापीठांत रांगव्ही हागमान ह्या विदुषींनीं ह्या एकाच रोगावर वीस वर्षांहून अधिक काळ काम केलें आहे, आणि रक्तांतील चिन्हांविषयीं आज जें ज्ञान आहे त्यांतील बराच भाग त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे.

गर्भाशयाचें मुख थोडें उघडें असेल तर पू बाहेर पडतो, शेपटीखालीं डाग व वास येतो आणि मालकाच्या लक्षांत गोष्ट येते. मुख मिटलेलें असेल तर बाहेर कांहींच दिसत नाहीं. पू आंत सांचत जातो, जंतूंचें विष रक्तांत मुरतें, आणि अशीच कुत्री लवकर दगावते. दोन्ही प्रकारांत मरगळ, अन्नावरील वासना जाणें, ओकारी, आणि अतोनात तहान हीं लक्षणें दिसतात. तहानेचें कारण असें कीं, मूत्रपिंडांनीं पाणी राखून ठेवावें असा जो हुकूम मेंदूकडून सुटतो, तो ह्या जंतूच्या विषामुळें मूत्रपिंड मानीत नाहींत; पाणी मूत्रावाटे निघून जातें व कुत्री भांडें चाटीत बसते. ताप असेलच असा भरवसा धरूं नये. निरोगी कुत्रीच्या अंगाची उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. ती १०० अंशांखालीं उतरली तर तें तापापेक्षां अधिक वाईट समजावें.

शिल्लक व उलाढाल

आतां रक्ताकडे वळूं. पांढऱ्या पेशींच्या पांच जाती आहेत. आपणांस येथें न्यूट्रोफिल नांवाच्या जातीशीं कर्तव्य आहे. ह्या पेशी हाडांच्या मगजांत तयार होतात, कांहीं दिवस तेथेंच कोठारांत राहतात, व रक्तांत उतरल्यावर थोड्याच तासांत रक्तवाहिनीबाहेर पडून जंतु असतील तेथें जातात. पू म्हणजे बव्हंशीं अशा लढून मेलेल्या पेशीच होत. रक्तांत त्या केवळ वाटसरू असतात, व तपासणींत मोजल्या जातात त्या ह्या वाटेवर सांपडलेल्या.

कीर्दीच्या भाषेंत सांगावयाचें तर मगज ही जमेची बाजू, गर्भाशय ही खर्चाची बाजू, आणि कागदावरील आंकडा ही सायंकाळची शिल्लक. शिल्लक नऊ हजार दिसली तर दिवसभरांत फारशी देवघेव झाली नाहीं असें असूं शकेल, किंवा लाखाची आवक होऊन जवळजवळ लाखाचीच जावक झाली असेंही असूं शकेल. शिल्लकेवरून उलाढाल कळत नाहीं, हें मला नोकरीच्या पहिल्याच वर्षीं एका वृद्ध खजिनदारांनीं शिकविलें होतें. कुत्रीच्या कागदापाशीं मी तें विसरलों.

रोगाच्या प्रारंभीं व मध्यावर मगजाची जमा खर्चाहून अधिक असते, म्हणून संख्या वाढते. वीस, तीस, चाळीस हजार हे आंकडे ह्या रोगांत नेहमीं आढळतात व क्वचित् ते ह्याच्याही पुष्कळ वर जातात. असा कागद पाहून मालक घाबरतो. परंतु मोठा आंकडा म्हणजे मगज अजून पुरवठा करीत आहे, असाही त्याचा अर्थ असतो. पुढें कोठार रितें होतें. मग मगज अपक्व पेशी पाठवूं लागतो, जसे लढाईंत प्रौढ शिपाई संपल्यावर मिसरूडही न फुटलेलीं पोरें भरती करावींत. पक्व न्यूट्रोफिलचें केंद्र गांठी मारलेल्या दोऱ्यासारखें दिसतें. अपक्व पेशीचें केंद्र वांकविलेल्या पट्टीसारखें, गांठी नसलेलें असतें, म्हणून तिला डॉक्टर बँड पेशी म्हणतात. निरोगी कुत्रींत अशा पेशी शंभरांत दोन-तिनांहून अधिक सहसा नसतात. गर्भाशयांत पू झाला असतां त्या दहा, वीस, तीसही होतात. जेव्हां अपक्व पेशी पक्व पेशींपेक्षां अधिक होतात, आणि एकूण संख्या मात्र साधारण किंवा कमी असते, तेव्हां खर्च जमेच्या पुढें गेला असें निश्चित समजावें. वाघीच्या कांचपट्टींत निम्म्याहून अधिक पेशी अपक्व होत्या. त्यांच्या अंगांत निळसर ठिपके व फेसासारखीं छिद्रें दिसत होतीं. घाईघाईनें तयार होऊन बाहेर पडलेल्या पेशीचें तें लक्षण आहे.

येथें एक व्यवहाराची गोष्ट ध्यानांत धरावी. रक्तपेशी मोजणारें यंत्र एकूण संख्या चांगली मोजतें, पण पुष्कळ यंत्रांस पक्व व अपक्व न्यूट्रोफिल खात्रीनें वेगळे करतां येत नाहींत. तें काम रंग दिलेली कांचपट्टी डोळ्यांनीं पाहणाऱ्या माणसाचें आहे. आम्हांस मिळालेला कागद यंत्राचा होता. कांचपट्टी तयार केलेली असून ती कोणी पाहिलेली नव्हती, व ती पाहावी असें मींही म्हटलें नाहीं. म्हणून रक्त देतांनाच 'कांचपट्टी पाहून अपक्व पेशी मोजाव्या' असें स्पष्ट सांगावें.

कमी संख्येचें गांभीर्य किती, ह्याविषयीं स्वीडनमधील एक अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला आहे. ह्या रोगाच्या साडेतीनशेंवर माद्यांची त्यांत पाहणी होती. त्यांपैकीं बहुतेक जगल्या, ही आशेची गोष्ट; परंतु ज्यांच्या पांढऱ्या पेशी मर्यादेखालीं उतरल्या होत्या त्यांच्यांत पू पोटांत पसरण्याचें प्रमाण कितीतरी पटींनीं अधिक निघालें, व त्यांस दवाखान्यांतही अधिक दिवस राहावें लागलें.

तांबड्या पेशीही ह्या रोगांत कमी होतात. दीर्घ दाहांत शरीर लोह कोंडून ठेवतें व मगजाचें सर्व लक्ष पांढऱ्या पेशींकडे लागतें, त्यामुळें पांडुरोग दिसतो; तो बहुधा सौम्य असतो व गर्भाशय काढल्यावर आपोआप भरून येतो. रक्त गोठविणाऱ्या बिंबिका फार कमी झालेल्या दिसल्या तर शस्त्रक्रिया करणारानें सावध असावें.

निम्म्याहून अधिक आजारी माद्यांत हा दाह गर्भाशयापुरता न राहतां सर्व शरीराचा झालेला असतो, असें दिसून आलें आहे. हें ठरविण्यासाठीं पशुवैद्य चार गोष्टी पाहतात: अंगाची उष्णता, हृदयाचे ठोके, श्वासाची गति व पांढऱ्या पेशी. चारांपैकीं दोन मर्यादेबाहेर गेल्या कीं सर्वांगीण दाह धरला जातो. श्वासाची मर्यादा मिनिटास वीस अशी पुस्तकांत धरलेली आहे. आमच्या वैशाखांत सावलींत बसलेली निरोगी कुत्रीही ह्याहून जलद धापते, तेव्हां ह्या एका खुणेवर आपल्याकडे फार भिस्त ठेवूं नये असें माझें मत आहे.

यकृताचा निरोप

पांढऱ्या पेशींखेरीज दुसरें एक चिन्ह गेल्या कांहीं दशकांत पुढें आलें आहे, व तें अधिक सरळ बोलतें. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत टिलेट व फ्रान्सिस ह्या दोघांस १९३० सालीं असें आढळलें कीं, फुफ्फुसदाह झालेल्या माणसांच्या रक्तरसांत एक पदार्थ असतो, जो त्या रोगाच्या जंतूंतून काढलेल्या 'सी' नांवाच्या अंशाशीं मिसळतांच साका धरतो. रोगी बरा झाला कीं तो पदार्थ नाहींसा होतो. ह्यावरून त्यास सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन असें नांव पडलें. दवाखान्यांत त्यास सी. आर. पी. म्हणतात. पुढें कळून आलें कीं तें जंतूंचें नसून यकृताचें उत्पन्न आहे. शरीरांत कोठेंही दाह झाला कीं तेथील पेशी रक्तावाटे यकृतास निरोप धाडतात, व यकृत हें प्रथिन भराभर तयार करूं लागतें.

कुत्र्याच्या बाबतींत हें चिन्ह विशेष उपयोगी ठरतें. निरोगी कुत्रीच्या एका लिटर रक्तरसांत तें दहा मिलिग्रॅमहून कमी असतें. दाह सुरू झाल्यावर थोड्याच तासांत तें चढूं लागतें, एक-दोन दिवसांत शिखरास पोंचतें, आणि गर्भाशयांत पू असल्यास शंभर, दोनशें किंवा त्याहूनही अधिक मिलिग्रॅम सांपडतें. पांढऱ्या पेशींचा आंकडा जमा-खर्चाच्या ओढाताणींत फसवूं शकतो; ह्या प्रथिनाचा पुरवठा गर्भाशयांत खर्च होत नाहीं, म्हणून संख्या नऊ हजार दाखविणाऱ्या कुत्रींतही हा आंकडा बहुधा मोठा दिसतो. वाघीची ही तपासणी कोणीं केलीच नाहीं.

सर्व जनावरांत एकच चिन्ह चालत नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. गाईंत सी. आर. पी. फारसें उपयोगी नाहीं. तिच्यांत हॅप्टोग्लोबिन नांवाचें दुसरें प्रथिन दाहांत झपाट्यानें वाढतें. कुत्र्यांतही हॅप्टोग्लोबिन वाढतें, पण सावकाश व माफक; शिवाय स्टेरॉइडचें इंजेक्शन दिलें असेल तर तें दाहावांचूनही वाढतें. अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन उलट दाहांत घटतें, कारण यकृत आपली शक्ति दुसरीकडे लावतें. स्टेरॉइडनें न्यूट्रोफिलही वाढलेले दिसतात. तेव्हां आधीं कोणाकडून कोणतेंही इंजेक्शन देवविलें असेल तर तें तपासणाऱ्या डॉक्टरांपासून लपवूं नये. गांवांत पुष्कळदां लाजेनें किंवा भिडेनें ही गोष्ट सांगितली जात नाहीं, आणि कागदाचा अर्थ भलताच लागतो.

सी. आर. पी. काय सांगत नाहीं तेंही पाहूं. दाह आहे एवढें तें सांगतें. तो कोठें आहे हें सांगत नाहीं. फुफ्फुसांत, स्वादुपिंडांत, सांध्यांत किंवा मोठ्या जखमेंत दाह असला तरी आंकडा तसाच चढेल. दुसरी मेख गर्भाची आहे. गाभण कुत्रींत, गर्भ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून गर्भाशयास चिकटून वाढूं लागला कीं, कोणताही रोग नसतांना हें प्रथिन कांहीं काळ वाढतें. त्यामुळें माजानंतर पांच-सहा आठवड्यांनीं पोट भरलेल्या कुत्रीचा केवळ वाढलेला आंकडा पाहून पू झाला असें ठरविणें चुकीचें होईल. अशा वेळीं सोनोग्राफीच निवाडा करते: गर्भ असेल तर चवथ्या आठवड्यापासून हृदयाची फडफड दिसते, पू असेल तर फुगलेल्या नळीसारखीं शिंगें दिसतात. पण सोनोग्राफीलाही एक अडचण आहे. गर्भाशयांत कधींकधीं पू नसून जंतुरहित, चिकट पाणी सांचतें. पडद्यावर तें पुवासारखेंच दिसतें, मात्र कुत्री तितकी धोक्यांत नसते. येथें रक्त उपयोगी पडतें. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, पू असलेल्या माद्यांत सी. आर. पी. पुष्कळ वाढतें व नुसत्या चिकट पाण्याच्या माद्यांत त्यामानानें कमी राहतें. म्हणजे सोनोग्राफीनें जागा व रक्तानें प्रकृति, अशी दोघांची साक्ष मिळवून निकाल करावा.

माणसांच्या तपासणीसाठीं जें साहित्य विकत मिळतें तें कुत्र्याच्या रक्ताला सरसकट लागू पडत नाहीं. माणसाचें व कुत्र्याचें हें प्रथिन अगदीं एक नसल्यामुळें माणसाच्या साहित्यावर आंकडा खोटा कमी येण्याचा संभव असतो. तेव्हां तपासणी कुत्र्याच्या प्रथिनासाठीं आहे काय, हें आधीं विचारावें.

नमुना व उपचार

रक्त पुढच्या पायाच्या शिरेंतून घेतात. पेशी मोजण्यासाठीं तें जांभळ्या टोपणाच्या, न गोठूं देणाऱ्या औषधाच्या नळींत घालावें लागतें. रक्तरसाच्या तपासणीसाठीं साधी नळी चालते. कांचपट्टी रक्त काढतांच जागेवर ओढून वाळवावी, कारण उन्हांत कांहीं तास मोटारसायकलच्या पेटींत राहिलेल्या रक्तांतील पेशी विकृत होतात व मग त्या रोगानें बिघडल्या कीं प्रवासानें, हें ओळखतां येत नाहीं. नळी बर्फाजवळ ठेवावी, पण बर्फास चिकटूं देऊं नये. रक्त गोठून फुटलें तर तें कामाचें राहत नाहीं. नमुना नेण्याबरोबरच कुत्रीसही न्यावें हें उत्तम. आपल्या राज्यांत परळ, शिरवळ, नागपूर, परभणी व उदगीर येथें पशुवैद्यक महाविद्यालयें आहेत व त्यांस जोडून रुग्णालयें आहेत. परळचें महाविद्यालय तर १८८६ सालापासूनचें आहे.

उपचार म्हणजे बहुतेक वेळां शस्त्रक्रिया. सलाईन व जंतुनाशक देऊन कुत्रीस सांवरावें व शक्य तितक्या लवकर गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयें काढून टाकावीं. जातिवंत, पुढें वीण हवी असलेली, तरुण व मुख उघडें असलेली मादी असेल तर प्रोजेस्टेरॉनचें कार्य अडविणारीं व गर्भाशय आंवळणारीं औषधें देऊन पू काढण्याचा मार्ग आहे; परंतु पुढच्या माजानंतर रोग उलटूं शकतो, म्हणून तो पशुवैद्याच्या डोळ्यांखालींच अवलंबावा. राखणीच्या कुत्रीस हा घोळ करण्यांत अर्थ नाहीं. जिच्यापासून पिलें नको असतील तिची शस्त्रक्रिया ती निरोगी असतांनाच करून घेतली तर हा प्रश्न उद्भवतच नाहीं. ती न केली तर निदान माजाची तारीख टिपून ठेवावी. गाय भरविल्याची तारीख आपण गोठ्याच्या भिंतीवर खडूनें लिहितों; तेथेंच खालीं कुत्रीची लिहिण्यास किती वेळ लागतो? त्या तारखेपासून तीन महिने तिच्या पाण्याच्या भांड्याकडे लक्ष असावें.

गाईलाही गर्भाशयांत पू होतो, म्हणून दोन ओळी. तिचें चित्र अगदीं वेगळें असतें. ती खाते, पिते, दूधही देते. फक्त माजावर येत नाहीं, कारण पुवामुळें पीतपिंड विरत नाहीं. मालक तिला गाभण समजून महिने घालवितो. रक्तांत दाहाचीं जोरदार चिन्हें तिच्यांत सहसा नसतात. पशुवैद्यानें हात घालून तपासणी केली म्हणजे उलगडा होतो, व प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शननें पीतपिंड विरून पू बाहेर पडतो. कुत्रीचा घाईचा नियम गाईला, किंवा गाईचा सबुरीचा नियम कुत्रीला लावणें, दोन्ही नुकसानीचें.

शस्त्रक्रियेनंतरचें रक्त

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या शेजाऱ्यांची कुत्री माजानंतर पांचव्या आठवड्यांत पाणी पाणी करूं लागली. वाघीची गोष्ट त्यांस ठाऊक होती, म्हणून त्यांनीं त्याच दिवशीं तिला गाडींत घालून दवाखान्यांत नेलें. पांढऱ्या पेशी बत्तीस हजार, अपक्व शंभरांत चौदा, सी. आर. पी. दोनशेंच्या जवळ, व सोनोग्राफींत फुगलेलीं शिंगें. रात्रीं सलाईन चाललें व सकाळीं शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशीं पुन्हां रक्त पाहिलें तों पांढऱ्या पेशी एकेचाळीस हजार! शेजारी कागद घेऊन धांवत मजकडे आले. मीही चपापलों. डॉक्टरांनीं मात्र शांतपणें समजाविलें कीं, पुवानें भरलेलें गर्भाशय काढल्याबरोबर खर्चाची बाजू एकदम बंद झाली, पण मगजाचे कारखाने तसेच चालू आहेत. माल जाण्यास जागा नाहीं म्हणून तो रक्तांत सांचला. ह्या रोगांत शस्त्रक्रियेनंतर कांहीं दिवस संख्या वाढणें हें अनेकदां दिसतें व पुढें ती आपोआप उतरते.

त्या दिवशींच्या कागदावर सी. आर. पी. मात्र पहिल्याहून बरेंच उतरलेलें होतें, व डॉक्टरांचा भरवसा त्यावर होता. शस्त्रक्रियेच्या इजेनें हें प्रथिन पहिल्या दिवशीं थोडें वाढूं शकतें. त्यानंतर तें दिवसेंदिवस घटावयास पाहिजे. घटत नसेल, किंवा घटून पुन्हां चढूं लागलें, तर टांक्यांत, उरलेल्या गर्भाशयाच्या बुडख्यांत किंवा पोटांत नवा पू होत आहे काय तें शोधावें. पोलंडांतील लुब्लिन येथील पशुवैद्यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत लवकर ओळखण्यासाठीं हें प्रथिन व त्याच्या जोडीचीं दुसरीं दोन उपयुक्त ठरल्याचें दाखविलें आहे. जंतुनाशक केव्हां थांबवावें हें ठरवितांनाही ह्याची मदत होते, व नुसत्या संवयीनें औषध चालू ठेवण्याचा खर्च वांचतो.

शेजाऱ्यांची कुत्री चौथ्या दिवशीं भाकरी खाऊं लागली. दहाव्या दिवशीं टांके काढले, त्या वेळीं पांढऱ्या पेशी चौदा हजारांवर आल्या होत्या; पुढच्या आठवड्यांत सी. आर. पी. दहाच्या आंत आलें. हरभऱ्याच्या घाट्यांवर डुकरें उतरूं लागलीं तोंवर ती मळ्याच्या बांधावर परत आली होती.